टोपणावरचा शेंदूर

आमच्या घरात गोडेतेलाचा डबा फोडायचं काम आत्याचं असे. सांगलीच्या पेठेतून आलेला, झाळून बंद केलेला पत्र्याचा डबा ती चुलीपुढच्या जमिनीवर ठेवी, एका कोपऱ्यावर जाड खिळा धरी आणि वरवंट्याचा ठोका घाली. मग डबा फिरवून समोरच्या कोपऱ्यावर दुसरा ठोका. लहानपणी मी तिला विचारलं होतं की दुसरं भोक कशाला, त्यातून तर कधी तेल येत नाही. ती म्हणाली होती, "त्ये वाऱ्याला. वारा आत गेल्याबिगर त्याल भाईर येत न्हाई. एका भोकाचा डबा नुसता गचके देतो बघ." आणि खरंच, दुसरं भोक पाडायच्या आधी डबा कलंडला तर तेल गुटक-गुटक करत अडत अडत यायचं. पाडल्यावर धार लागायची, दोऱ्यासारखी. ते गुटक-गुटक आणि मागोमाग धारेचा आवाज, हे आमच्या स्वयंपाकघराचे आवाज म्हणून माझ्या कानात राहिले आहेत. तिचं हे वाक्य पुढे मी तासगावच्या रस्त्यावर माझं म्हणून वापरलं. पण ते नंतर येईल.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची, आण्णांची, धाकटी बहीण आणि माझ्या काकांची, तात्यांची, थोरली. लग्न झालं तेव्हा ती परकर नेसत होती आणि कुंकू पुसलं तेव्हाही परकरच नेसत होती. नवऱ्याचं तोंड आठवत नाही, असं ती भाजीत मीठ कमी पडलंय म्हणावं तसं सांगायची. घरातलं सगळं तिच्यावर होतं. पहाटेचं दळण, म्हशीची धार, कडब्याचा हिशेब, माझ्या आईची बाळंतपणं. हळद कुटायची ती, वस्त्रगाळ करायची ती, कुंकवाच्या कुयरीला चिंचेनं घासून लख्ख करायची तीच. आणि सण आला की कुयरी आईच्या हातात देऊन ती आतल्या खोलीत जाऊन बसायची. तिच्या हातची पुरणपोळी सगळ्या भावकीला चालायची. त्या हातचं कुंकू मात्र कुणाला चालायचं नाही. आम्हाला यात काही वावगं वाटत नव्हतं. खोटं कशाला बोलू, मलाही वाटत नव्हतं.

तात्या लष्करात मोटार चालवत होते. लढाई संपल्यावर परत आले ते हिंदी-इंग्रजी शब्द, बारीक कापलेले केस आणि प्रत्येक गोष्ट ठरलेल्या क्रमानं करायची सवय घेऊन. दाढी करतानासुद्धा आधी उजवा गाल, मग डावा, मग हनुवटी. त्यांनी लग्न केलं नाही. त्याबद्दल घरात कुणी विचारत नसे. पुण्याच्या लष्करी लिलावातून त्यांनी एक मालट्रक उचलला आणि एका संध्याकाळी तो रहिमतपुराकडून आमच्या गावात आला तेव्हा गोठ्यातल्या म्हशी दावी तोडायला बघत होत्या. तेव्हा रस्त्यावर होत्या त्या बहुतेक गाड्या पेट्रोलच्या. ही डिझेलवर चालणारी. आमच्याकडे डिझेलला क्रूड म्हणत, कारण विहिरीवरच्या इंजनांना तेच लागे. विहिरीचं इंजन जाणणारे दोघे-चौघे गावात होते, पण रस्त्यावर चालणारं असलं इंजन कुणी उघडून पाहिलं नव्हतं, तात्यांनीसुद्धा नाही. मी नुकता मॅट्रिक झालो होतो, मिसरूड फुटलं होतं, आणि नोकरीच्या अर्जांना उत्तरं येईपर्यंत तात्यांचा जोडीदार म्हणून गाडीवर जाऊ लागलो. हाताला, भाकरीला, अंथरुणाला क्रूडचा वास. आई नाक मुरडायची. आत्या म्हणायची, "असूंदे वैनी, कामाचा वास हाय."

सांगलीची पहिली खेप दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ठरली. त्याच्या आधी खंडेनवमीला, जसं नांगर, कुऱ्हाड, खुरपी पुजतात तशी गाडी पुजायची होती. गाडी धुतली. झेंडूच्या माळा आरशांना, दाराच्या मुठींना बांधल्या. टाकी काठोकाठ भरून ठेवली. आणि नेमकी आई त्या दिवशी बाजूला बसलेली. माझ्या आईनं ओसरीच्या टोकावरूनच सांगितलं की शेजारच्या काकींना हाक मारा. तात्या म्हणाले, "शेजारी कशाला? आक्का हाय की घरात."

आमच्या भावकीतले गणूनाना अंगणातच बसले होते, कारण त्यांच्या भुईमुगाच्या शेंगांची पोती पहिल्या खेपेत जायची होती. नानांनी पानाला चुना लावता लावता मान वर केली. "तात्यासाहेब, लष्करातनं आलाय, ठीक हाय. पर ही कुदळ न्हवं, इंजन हाय. चार घरचा माल जायचा हाय त्यातनं."

"नाना, इंजनाला इधवा आन् सवाशीण कळत न्हाई."

"इंजनाला नसंल कळत. द्येवाला कळतं."

तात्या आण्णांकडं वळले. आण्णांनी खाली बघत नुसती मान हलवली, म्हणजे करू दे. ते आयुष्यभर असेच मानेनं बोलले.

आत्या आतून आली. हात धुऊन आली होती आणि पदर डोक्यावरून पुढं ओढला होता. ताट उचललं, पण कुयरीला हात लावेना. मग परत आत गेली आणि आमच्या शेतातल्या मारुतीसाठी ठेवलेली शेंदराची वाटी घेऊन आली. "शेंदूर चालंल न्हवं? ह्यो द्येवाचा. ह्येच्यात कपाळाचा काय संबंध न्हाई," ती कुणाकडेच न बघता म्हणाली. तेलात कालवून दाट केलेला शेंदूर. तिनं विचारलं, ही खाती कुठनं? तात्या हसले आणि टाकीच्या टोपणावर थाप मारून म्हणाले, "हितनं. ह्येच तिचं तोंड." टोपण गोल, फुगीर, देवाच्या एखाद्या बिनआकाराच्या तांदळ्यासारखं. आत्यानं त्याला दोन्ही हातांनी शेंदूर चढवला. कडेकडेनं, खाली वळलेल्या काठापर्यंत, एकही जागा उघडी न ठेवता, जसा दर शनिवारी मारुतीला चढवायची तसा. वर एक झेंडूचं फूल चिकटवलं. मग तिनं आपल्या हातानं सगळ्यांना खोबरं-साखर वाटली. नानांनी घेतली, मुठीत धरली. तात्या म्हणाले, "आक्का, पुढल्या खेपेला तुला सांगलीला न्हेतो. गणपती दाखवतो, घाट दाखवतो." ती म्हणाली, "मी कशाला रं," आणि हसली. तिला तोंडभर हसताना मी तेव्हा पाहिलं. नंतर पाहिल्याचं आठवत नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या पहाटे तिनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून दिली. तात्या आणि मी पुढे, नाना मागे पोत्यांवर. गाडी मोठी झोकात निघाली. पुसेसावळी मागं टाकून विट्याच्या अलीकडं आलो तेव्हा ऊन वर आलं होतं. एका लहानशा चढावर इंजिनाचा आवाज पातळ झाला, दोन आचके दिले आणि गाडी थांबली.

तात्यांनी स्टार्टर मारला. इंजिन घुर्र-घुर्र फिरलं, चांगलं जोरात फिरलं, पण पेट घेईना. पुन्हा मारलं. पुन्हा तेच. बॅटरीत जीव होता, इंजिन फिरत होतं, फक्त लागत नव्हतं. तात्या शांतपणे खाली उतरले. त्यांचा क्रम ठरलेला. आधी टाकी. टोपण उघडून आत काठी बुडवली, तेल भरपूर. मग टाकीकडून इंजिनाकडं येणारी नळी, मग गाळणी. मग पंपावरचा बारका स्क्रू मी सैल करायचा आणि त्यांनी हातपंपाचा दांडा हलवायचा. नळीत हवा अडकली असेल तर आधी बुडबुडे येतात, मग निर्भेळ तेल येतं. तेल आलं. स्क्रू आवळला, स्टार्टर मारला, गाडी लागली. "हवा धरली व्हती," तात्या म्हणाले. आम्ही हात पुसले.

विट्याच्या पुढं, पहिल्यापेक्षा थोडी जास्त वाट चालून, गाडी पुन्हा तशीच थांबली. पुन्हा घुर्र-घुर्र. पुन्हा टाकी, काठी, नळी, गाळणी, स्क्रू. पुन्हा लागली. तात्यांनी एकेक सांधा रुमालानं पुसून हवा कुठून शिरते ते शोधलं. सगळे सांधे घट्ट होते.

नाना पोत्यांवरून खाली उतरून बाभळीखाली शेंगा फोडत बसले होते. "तात्या, गेल्या आठवड्यात ही गाडी रहिमतपूरला जाऊन आली न्हवं?"

"आली की."

"थांबली व्हती?"

"न्हाई."

"मग आठवड्यात काय बदललं त्येवढं सांग मला. मी अडाणी माणूस."

तात्या पुन्हा एक सांधा रुमालानं पुसू लागले. नाना टरफलं झटकत उठले. "परत गेल्यावर गुरवाला बोलवा आन् गाडीवरनं काय त्ये उतरून टाका. बायकांच्या हाताला उगं दोष द्यायचा न्हाई मला. पर ज्याचं त्येनं करावं."

गाडीत बसल्यावर तात्या मला हळूच म्हणाले, "ह्याचं कारण आज सापडलं पायजे गड्या. न्हाईतर ह्यो म्हातारा गावात गेल्यावर आक्काला जगू देणार न्हाई." त्यांच्या आवाजात मी कधी ऐकली नव्हती अशी धास्ती होती. मलाही तेच हवं होतं. कारण सापडलं म्हणजे आत्या सुटली, इतकं ते सरळ वाटत होतं. दशमी खाताना, स्क्रू फिरवताना माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

तासगाव दिसू लागलं आणि गाडी तिसऱ्यांदा थांबली, ती नेमकी एका चहाच्या हाटेलासमोर. बाजाराचा दिवस असावा, माणसं होती. गाडी बघायला दहा-वीस जण जमले. नाना त्यांना गाडीची कुळकथा सांगू लागले आणि तात्या त्यांना थांबवायला तिकडे गेले. मी एकटा इंजिनाशी होतो. तात्यांची वाट न बघता मी स्क्रू सैल केला आणि दांडा हलवला. काहीच आलं नाही. थेंब नाही, बुडबुडा नाही. दांडा हलवावा तर आतून कुणीतरी उलटा ओढतंय असा जड. तेवढ्यात तात्या परत आले आणि आपल्या क्रमाप्रमाणे पलीकडच्या बाजूला टाकीचं टोपण फिरवू लागले. मला आवाज ऐकू आला, सुस्सऽऽ असा, कुणीतरी पाण्यातून डोकं वर काढून दम घ्यावा तसा. आणि त्याच क्षणी माझ्या बोटांवर तेलाची धार लागली.

आमच्या स्वयंपाकघरातली धार. मी ओळखली.

तात्या इतका वेळ स्क्रूनं गाडी दुरुस्त करत नव्हतेच. आधी टाकी उघडायची या त्यांच्या शिस्तीनंच ती दर वेळी दुरुस्त होत होती, आणि आम्ही मागाहून स्क्रूला श्रेय देत होतो. मी पलीकडं धावलो. टोपण तात्यांच्या हातात होतं. त्यावर दिवसभराची धूळ बसून शेंदूर मातीच्या रंगाचा झाला होता. मी ते घेऊन उलटं केलं, काठाखाली अंगठ्याचं नख फिरवलं. मोहरीएवढं भोक, आणि त्यात घट्ट वाळलेला शेंदूर.

तात्यांनी ते माझ्या आधी ओळखलं असावं. वर्कशॉपमध्ये पायपांच्या सांध्यांतून गळू नये म्हणून तेलातला शेंदूरच लावतात, हे त्यांनी एकदा मला सांगितलं होतं. त्यांनी चटकन टोपण माझ्या हातातून घेतलं, खिशातली तार भोकातून घातली, चिंधीनं काठ पुसला आणि मोठ्यानं म्हणाले, "काय न्हाई नाना. कचरा व्हता टोपणात. रस्त्याचा कचरा."

एवढंच होतं. सगळं तिथं संपलं होतं. गाडी लागणार होती, सांगलीला पोचणार होती, आणि नाना गावात जाऊन सांगणार होते की रस्त्याचा कचरा होता.

पण मी शोधलं होतं. वीसभर माणसं बघत होती. तात्यांना, लष्करातल्या माणसाला, जे सापडलं नाही ते मला सापडलं होतं, आणि ते कचरा म्हणून चिंधीत जात होतं. मी म्हणालो, "कचरा न्हवं तात्या, शेंदूर हाय. आत्यानं लावलेला. टाकीला वारा लागतो. वारा आत गेल्याबिगर त्याल भाईर येत न्हाई. एका भोकाचा डबा नुसता गचके देतो." चांगलं खणखणीत बोललो. हाटेलवाला हसला. कुणी म्हणालं, "पोरगं हुशार हाय." मी हसत होतो.

नाना हसले नाहीत. ते अगदी सावकाश म्हणाले, "म्हंजे तिच्या हातानंच थांबली की."

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. लिलावात घेतलेली एखादी वस्तू घरी आणून उघडल्यावर माणूस जसं बघतो, तसं. टोपण बसवून ते गाडीत चढले. सांगलीपर्यंत गाडी कुठंही थांबली नाही.

या गोष्टीवर मी पुष्कळ विचार केला आहे. त्या दिवसानंतर मी मितभाषी झालो, आणि मितभाषी माणसाला वेळ पुष्कळ असतो. नाना खोटं काही बोलले नाहीत, हेच वाईट होतं. आम्ही आत्याला सोडवायला कारण शोधत होतो आणि कारण तिच्याच बोटांचं निघालं. पण पूर्ण कारण मी सांगितलं नव्हतं, कारण तेव्हा मला ते दिसलंच नव्हतं. कोरडं कुंकू लावलं असतं तर पहिल्या दोन मैलांत वाऱ्यानं उडालं असतं. कुंकू तिला चालत नव्हतं म्हणून तिनं शेंदूर घेतला. त्या भोकात बसलं होतं ते आमच्याच घरानं तिला घालून दिलेलं बंधन होतं. हे कळायला मला माझ्या बायकोचं कुंकू, माझ्या मुलींचं कुंकू, इतकी वर्षं बघावं लागलं, आणि तोवर सांगायला आत्या राहिली नव्हती.

गावात गोष्ट आमच्या आधीच पोचल्यासारखी पसरली. विधवेनं तोंड बांधलं गाडीचं, असं पाणवठ्यावर बायका म्हणत होत्या. कुणी भांडलं नाही, वाळीत टाकलं नाही. फक्त पुढच्या सणाला भावकीतून तिला पोळ्या करायला बोलावणं आलं नाही. तात्यांनी दोन-तीन वेळा तिला सांगलीला चल म्हटलं. ती म्हणायची, "माल पोचूंदे नीट." गोठ्याकडं जाताना ती गाडीच्या पुढून न जाता मागच्या बोळातून जाऊ लागली. वाट लांब पडायची, डोक्यावर शेणाची पाटी असायची.

मी तिच्याशी बोलायचं टाळत होतो. एका सकाळी तेलाचा डबा फोडताना तिनंच मला हाक मारली. एक भोक पाडून झालं होतं. खिळा दुसऱ्या कोपऱ्यावर धरून तिनं विचारलं, "त्या टोपणाला भोक कशाला असतं रं?"

मी म्हणालो, "ह्याला असतं तशालाच."

"म्हंजे वाऱ्याला?"

"व्हय."

वरवंटा हातातच राहिला. "मग मला सांगायचं व्हतं की कुणीतरी. तेवढी जागा सोडून लावला असता." मग तिनं ठोका घातला आणि डबा कलंडला. धार लागली. मी तिथं उभा होतो, आणि तिची माफी मागायला मला तेवढा वेळ पुरेसा होता. मी भांडं धरलं.

पुढच्या खंडेनवमीला पूजा आईनं केली. तात्या गाडीशेजारी उभे राहिले नाहीत; वैरण कापायला गेले. नाना आले होते, पान लावत बसले होते. आईनं बॉनेटला कुंकू लावलं, चाकांना लावलं, दारांना लावलं, आणि कुयरी घेऊन टाकीकडं गेली. आतल्या खोलीच्या दारातून आत्याचा आवाज आला. ती उंबऱ्याच्या आतच होती, पदर तेवढा दिसत होता.

"वैनी, त्या टोपणाला नगं. त्येला दम लागतो."

आईनं हात मागं घेतला. टोपण तसंच कोरं राहिलं. त्या सबंध वर्षात गाडी रस्त्यात एकदाही थांबली नाही. नाना चावडीवर सांगायचे, बघा, सवाष्णीच्या हातची पूजा.

आत्यानं दारातून काय सांगितलं, ते मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं होतं. त्या वर्षी मी ते कुणालाही, चावडीवर नानांनाही, सांगितलं नाही.